किरण वसुधाचा कोण?

"डबेवाला!"

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि सत्तर जणांचा वर्ग खदखदून हसला. निकम सरही हसले. हसता हसताच त्यांनी फळ्यावरच्या प्रश्नाखाली चौथा पर्याय म्हणून तो शब्द लिहिला आणि त्यापुढं बरोबरची खूण केली.

मी उभी होते. त्यांनीच मला उभं केलं होतं.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. विट्यात एका हार्डवेअरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर निकम सरांचा स्पर्धा परीक्षेचा क्लास होता. इतिहास-भूगोलाला दुसरे मास्तर होते; सर स्वतः फक्त बुद्धिमत्ता शिकवायचे. दिशा, बैठक व्यवस्था, सांकेतिक भाषा आणि नातेसंबंध. त्यातही नातेसंबंध म्हणजे त्यांचा हातखंडा. पुस्तकातली उदाहरणं ते घ्यायचेच नाहीत. वर्गातल्याच कुणालातरी उठवायचे, घरात कोण कोण असतं ते विचारायचे आणि त्याच्या काकू-मावश्या घेऊन जागच्या जागी प्रश्न रचायचे. पोरांना भारी मजा यायची. माझा नंबर लागेपर्यंत मलाही यायची.

"गुरव मॅडम," त्या दिवशी ते म्हणाले होते, "रजिस्टरला तुमच्या वडिलांचं नाव भगवान गुरव. अन् रोज दुपारी तुमचा डबा घेऊन येतात त्यांना काल मी नाव विचारलं, तर म्हणाले नारायण तुपे. हे जरा आम्हाला उलगडून सांगा की."

"ते माझ्या आईचे..." पुढचा शब्द येईना.

"आईचे कोण?"

"मिस्टर."

पहिला हशा तिथं पिकला. सरांनी खडू उचलला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नवरा-बायकोच्या मध्ये दुहेरी आडवी रेघ आणि मूल असेल तर खाली उभी रेघ, अशी त्यांची आकृती असे. त्यांनी चौकोन काढला, गोल काढला, दुहेरी रेघ ओढली. मग मला काढलं ते फक्त आईच्या गोलातून खाली. माझी रेघ चौकोनाला चुकूनही लागू नये म्हणून खडू जरा बाजूला धरून. शेजारी त्यांनी प्रश्न लिहिला: 'एका मुलीसाठी रोज एक माणूस डबा आणतो. तो तिच्या आईचा नवरा आहे, पण तिचा बाप नाही. तर तो तिचा कोण?'

यावर मागून ते उत्तर आलं.

हसणं ओसरेना म्हणून मी मान वळवली, तर दारात नाना उभे होते. हातात डबा. डोक्यावरच्या टोपीला मागावरचा सुताचा भुसा चिकटलेला. ते फळ्याकडं बघत होते. मग वाकून त्यांनी चपलांच्या शेजारी डबा ठेवला आणि जिना उतरून गेले.

माझा जन्मदाता भगवान गुरव आमच्याकडचे पुष्कळ लोक जातात तसा सोनं गाळायच्या कामाला परमुलखात गेला आणि तिकडंच त्यानं दुसरा संसार थाटला. मी तेव्हा चार वर्षांची. पुढं पाच वर्षांनी आईनं नारायण तुप्यांशी पाट लावला. ते यंत्रमागावर कामाला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "पोरी, मला काय म्हननार?" मी म्हटलं, "नाना." "चालंल," ते म्हणाले, आणि त्यानंतर माझ्यासाठी जे जे करायचं ते त्यांनी केलं. क्लासची कल्पनासुद्धा त्यांचीच. जेवणाच्या सुट्टीत मागावरून निघायचे, घरी जायचे, डबा घ्यायचे, मला पोचवायचे आणि परत मागावर. स्वतः कधी जेवायचे, देव जाणे.

त्या संध्याकाळी मी घरी आले ती क्लास सोडायचा असं ठरवूनच.

"का सोडायचा?" नानांनी विचारलं.

"तुम्ही ऐकलंत ना सगळं?"

"मला कुटं ऐकू येतंय?" त्यांनी कानावर हात मारला. मागाच्या खडखडाटानं त्यांचे कान खरंच कमी झाले होते. "पोरं हसत हुती येवडं दिसलं. हसत्यात पोरं. सोडायचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून डबा खालच्या हार्डवेअरवाल्याकडं यायला लागला. नाना जिना चढून वर आले नाहीत ते आलेच नाहीत. त्यांना सगळं ऐकू आलं होतं, हे मला त्या रिकाम्या दारावरून कळलं.

मी रडले वगैरे नाही. माझा स्वभाव तसला नाही. माझ्या डोक्यात राग बसतो तो भाडं न देता कायमचा राहतो. मी ठरवलं, या माणसाचं नाक कापायचं. तेही चारचौघांत, त्याच्याच फळ्यावर, त्याच्याच विषयात. आणि नानांना समोर बसवून.

त्यासाठी सरांनीच सोय करून ठेवली होती. दर गुरुपौर्णिमेला क्लासचा मोठा कार्यक्रम व्हायचा. पालकांना बोलवायचे, बाहेरच्या क्लासची पोरंही यायची. हार-तुरे झाले की सर माईकवर आव्हान द्यायचे. कुणीही यावं, बुद्धिमत्तेचा एक प्रश्न वाचावा. एका मिनिटात सुटला नाही तर सर आपला खडू त्या माणसाच्या हातात देणार आणि त्या दिवशीचा नव्या बॅचचा पहिला तास तो माणूस घेणार. याला सगळे 'खडूचा मान' म्हणत. नऊ वर्षांत तो मान कुणाला मिळाला नव्हता. गावात फ्लेक्स लागायचा त्यावर हेच मोठ्या अक्षरात असायचं.

मला अकरा महिने मिळाले. मी पहिल्या बाकावर बसायला लागले. सरांनी सोडवलेला प्रत्येक नात्याचा प्रश्न आकृतीसकट वहीत उतरवून घ्यायचा, असा नेम धरला; सुरुवात माझ्याच प्रश्नापासून केली. माझी मैत्रीण रेहाना मुलाणी म्हणायची, "वैजयंता, तू सरांची आरती का करंनास एकदा?" सरांनाही वाटलं, पोरगी सुधारली. "बघा, गुरव मॅडमकडं बघा," असं ते वर्गाला सांगायचे. मी गोड हसायचे. आत काय शिजतंय ते मलाच ठाऊक होतं.

जूनपर्यंत वहीत चारशे अकरा प्रश्न झाले. एका रविवारी सकाळी मी सगळ्या आकृत्या ओळीनं बघत बसले आणि दोन गोष्टी हाती लागल्या. एक म्हणजे सर प्रत्येक प्रश्नात एक सापळा शोधायचे, तो सापडला की टाळी घ्यायचे आणि पुढचं न बघता उत्तर लिहून मोकळे व्हायचे. 'एका प्रश्नात एकच सापळा असतो,' हे तर त्यांचं आवडतं वाक्य. दुसरी गोष्ट त्याहून बारीक. घाईत असले की मुलाची उभी रेघ ते नेहमी नवरा-बायकोच्या दुहेरी रेघेच्या मधोमध टेकवायचे. प्रश्नात ते मूल दोघांचं आहे असं सांगितलेलं असो वा नसो.

चारशे अकरापैकी फक्त एका आकृतीत रेघ एकट्या आईच्या गोलातून निघाली होती. ती माझी होती.

मी वही मिटली आणि पोटभर जेवले. प्रश्न तयार झाला होता.

गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी नानांना म्हटलं, "उद्या सुट्टी काढा. माझ्या क्लासच्या कार्यक्रमाला यायचं."

"म्या कशाला? आईला ने की."

"आई नाही. तुम्ही. पुढच्या रांगेत बसायचं."

नाना नुसतं "बघू" म्हणाले. पण सकाळी बघते तर स्वच्छ धुतलेली टोपी, इस्त्रीचा शर्ट, हनुवटीवर दाढी करताना कापलेलं. मंगल कार्यालयाच्या दारात त्यांनी पाय जरा मागं घेतला. मी त्यांचा हात धरून त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. व्यासपीठावर क्लासमधला तोच फळा उचलून आणून ठेवला होता.

आधी दोन पोरांनी बैठक व्यवस्थेचे प्रश्न टाकले. सरांनी ते चाळीस सेकंदांच्या आत उडवले. मग मी गेले. माझा आवाज फुटला तो खणखणीत.

"किरणच्या आईला एकच भाऊ आहे. त्या भावाच्या बायकोला एकच मुलगी, तिचं नाव वसुधा. किरणच्या बायकोचं आणि वसुधाचं अजिबात पटत नाही. तर किरण वसुधाचा कोण?"

बायकांच्या बाजूनं हशा आला. सर खुलले.

"मॅडम, अकरा महिने शिकून एवढाच प्रश्न?" त्यांनी खडू घेतला. "आता बघा पालकहो, इथं पोरं कशी फसतात. किरण हे नाव मुलाचं असतं तसं मुलीचंही असतं. मग चौकोन काढायचा का गोल? सापळा आहे हा! पण मॅडमनी हळूच सांगितलंय, किरणला बायको आहे. म्हणजे काय? चौकोन!"

टाळ्या पडल्या. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. किरणचा चौकोन, त्याच्या आईचा गोल, शेजारी भावाचा चौकोन, दुहेरी रेघ, भावजयीचा गोल. आता वसुधा. खडू दुहेरी रेघेच्या मधोमध टेकला आणि सरळ खाली आला.

"मामाची मुलगी. म्हणजे किरण तिचा आतेभाऊ," सर म्हणाले. "बावीस सेकंद."

"चूक," मी म्हटलं.

माईक माझ्याच हातात होता. कार्यालयभर तो शब्द घुमला.

"काय चूक?"

"वसुधा भावाच्या बायकोची मुलगी आहे, एवढंच मी सांगितलं. ती भावाची मुलगी आहे असं मी कुठं म्हटलंय? तुम्ही रेघ मध्ये टेकवली. ती फक्त बायकोच्या गोलातून निघायला हवी. उत्तर आहे, निश्चित सांगता येत नाही."

"अहो, हा काय फाजीलपणा? बायकोची मुलगी म्हणजे नवऱ्याचीच मुलगी. एवढं गृहीतच असतं."

या वाक्याची मी अकरा महिने वाट बघत होते. ते असंच्या असं त्यांच्या तोंडून येईल याची मला खात्री होती, आणि ते आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की आजही सांगताना लाज वाटत नाही.

"गेल्या श्रावणात गृहीत नव्हतं, सर," मी म्हटलं. "याच फळ्यावर तुम्ही मला उभं करून शिकवलंत. डबा आणणारा माणूस आईचा नवरा आहे, पण मुलीचा बाप नाही. तेव्हा रेघ बरोबर गोलातून काढली होती तुम्ही. आज कशी विसरलात?"

सरांचा चेहरा उतरला. मागून कुणीतरी ओरडलं, "बरोबर हाय सर! हरला तुमी!" आवाज तोच होता, डबेवाला म्हणणारा. जिंकणाऱ्याच्या बाजूनं ओरडायची त्याची खोडच होती. मग सगळं कार्यालय ओरडायला लागलं, खडू द्या, खडू द्या.

सरांनी खडू पुढं केला. तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण माझं पोट भरलं नव्हतं.

"आधी चूक दुरुस्त करा ना, सर," मी म्हटलं. "नियम लिहा. मोठ्या अक्षरात. मागच्यांना दिसू दे."

"कसला नियम?"

"आईचा नवरा म्हणजे बाप नव्हे."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग वळले आणि लिहायला लागले. सुंदर अक्षर होतं त्यांचं. एकेक शब्द उमटत होता आणि मी मनात म्हणत होते, लिही. अजून मोठं लिही. बघा नाना, कसा लिहितोय.

मी मोठ्या तोऱ्यात नानांकडं वळले.

नानांची शाळा तिसरीपर्यंतच. वाचताना त्यांना ओठ हलवावे लागत. ते फळ्याकडं बघून एकेक अक्षर जुळवत होते. आईचा. नवरा. म्हणजे. त्यांचे ओठ शेवटच्या शब्दापर्यंत पोचले आणि मिटले. आजूबाजूला टाळ्यांचा नुसता कडकडाट. शेजारचा माणूस त्यांना विचारत होता, "पोरगी तुमची काय?" नानांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवायला लागले.

तेव्हा मला कळलं की गेल्या श्रावणात ते वाक्य सत्तर पोरांसमोर एका परक्या माणसानं म्हटलं होतं. आज ते पाचशे माणसांसमोर मी म्हटलं. माईकवर. त्यांना हात धरून पहिल्या रांगेत बसवून.

पुढचा तास मी घेतला की नाही, असं मला अजून लोक विचारतात. नाही घेतला. खडू टेबलावर ठेवला आणि खाली उतरले. सर काहीतरी बोलत होते, मी ऐकलं नाही. त्यांच्यावरचा राग कुठं गेला तेही कळलं नाही. आता मला त्या कार्यालयात दुसऱ्याच एका माणसाचं नाक कापावंसं वाटत होतं, आणि ती मीच होते.

आम्ही चालत निघालो. नानांनी सायकल हातात धरली होती. माझ्या घशाशी शंभर वाक्यं आली होती आणि त्यातलं एकही धड नव्हतं.

"त्येचं उत्तर चुकलं न्हवं?" नानांनीच विचारलं.

"चुकलं."

"मंजी तुजं बरोबर."

"नाना, मी तुमच्यासाठी... त्या माणसानं तुम्हाला फळ्यावर डबेवाला लिहिलं होतं म्हणून मी..."

"म्हाईत हाय. आयकलं हुतं म्या तवा."

सायकलची साखळी कटकट वाजत होती. पाण्याच्या टाकीपाशी ते थांबले. कपाळावर आठ्या घालून, हिशेब जुळवावा तसं बोलले, "मला येक सांग वैजा. त्या पोरीचा त्यो किरण. त्येचं नातं काय लागतं म्हनालीस?"

"निश्चित सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाई. पर न्हाईच, आसं न्हवं?"

"नाही. तसं नाही म्हणता येत. माहिती अपुरी आहे, एवढंच."

"आसू बी शकतंय?"

"असू शकतं, नाना."

"मग झालं की." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "मला वाटलं, फळ्यावर लिवलंय ती न्हाईच. चल. तुजी आई वाट बगत आसंल."

मी रस्त्यातच रडायला लागले. नाना गोंधळून म्हणाले, "आगं, जिकलीस न्हवं तू?"

दुसऱ्या दिवशीपासून मी डबा सकाळीच सोबत न्यायला लागले. त्यांनी कारण विचारलं नाही. पुढचे नऊ महिने मी निकम सरांच्या क्लासला शेवटच्या बाकावर बसून काढले. त्यांनी मला पुन्हा कधी उठवलं नाही आणि कुणाच्याही घरच्यांवर प्रश्न रचला नाही. एवढा फायदा मात्र झाला.

एप्रिलमध्ये राज्य सेवेची पूर्व परीक्षा झाली. बुद्धिमत्तेच्या पेपरात एक नात्यांचा प्रश्न होता, पाच ओळींचा. मामा, मावशी, जावा, नणंदा यांचा नुसता गुंता. तो सोडवत खाली आलं की कळायचं, राघव हा मीनाच्या आईचा पती आहे. तर राघव मीनाचा कोण? एक, काका. दोन, मामा. तीन, वडील. चार, निश्चित सांगता येत नाही.

आकृती काढायची मला गरजच नव्हती. मी पेन टेकवलं आणि गोल रंगवला. चांगला घोटून घोटून काळा केला.

आठवड्यानं उत्तरतालिका आली. रेहाना आणि मी तिच्या ओट्यावर बसून ताळा करत होतो. ती एकेक आकडा वाचायची, मी माझ्या कागदावर खूण करायचे. त्या प्रश्नापाशी तिनं वाचलं, "चार," आणि माझा कागद बघून ती एकदम थांबली.

"अगं, तीन? वैजयंता, याच प्रश्नावर तू सरांना हरवलंस की! साऱ्या गावात तुला एकटीला येतोय हा. हा कसा चुकला गं तुझा?"

"चुकला नाही," मी म्हटलं. "पुढचा वाच."